बर्फाचं बटण रांजणगावात: जीप आपल्या घरात कशी आली

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकलं पण सनावळ्या टिपून घ्यायच्या राहिल्या त्यांच्यासाठीही.

दिवाळीचा उसाचा हप्ता जमा झाला की मला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. घरात सहा माणसं, आई-वडील थकलेले, वस्तीपर्यंतचा रस्ता कच्चा. मोठी गाडी घ्यायची तर फोर बाय फोर घेऊ की साधी? या वेळी कॅनडाहूनही एक पत्र आलं. लिहिणारे मूळचे दौंडचे, रेल्वे कॉलनीत वाढलेले. प्रश्न तोच, फक्त चिखलाच्या जागी बर्फ. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातही सध्या हीच चर्चा चालू आहे. दादाची वस्ती भीमेच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून आत. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीये आणि तिला दर महिन्याला पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं. पुतण्याला मात्र मनाली दिसतेय.

मी गाड्यांचा सल्लागार नाही. मला इतिहास सांगता येतो. पण या प्रश्नाला इतिहासाकडे बऱ्यापैकी उत्तर आहे, आणि तो इतिहास बराचसा आपल्या महाराष्ट्रातच घडलाय. त्याचं एक टोक मुंबईच्या मझगावात आहे आणि दुसरं आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला.

लढाईसाठी बनलेली गाडी

१९४० साली अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर मिळेल अशी टेहळणीची गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं आणि नमुना तयार करून द्यायला ४९ दिवस दिले. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी मुदतीत हजर केली. पण एवढ्या छोट्या कंपनीकडून लाखो गाड्या होणार नव्हत्या. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. तीच आपली जीप.

या गाडीत कोणाच्या आरामाचा विचार नव्हता. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २ मीटरपेक्षा जरासं जास्त. खाली पाट्यांच्या स्प्रिंगा. दार नाही, छत म्हणजे ताडपत्री. चिखलात, वाळूत, बर्फात ती जायची, कारण ती हलकी होती, आखूड होती, आणि चालवणारा विशीतला सैनिक होता. त्याच्या कमरेची काळजी करायचं कुणाला कारण नव्हतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. चार चाकांचा जोर आणि घरच्या माणसांचा आराम या दोन गोष्टी सुरुवातीपासून वेगवेगळ्या आहेत. त्या एकत्र आणायला सत्तर वर्षं लागली.

मझगाव

१९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद नावाची कंपनी काढली. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर महिंद्र अँड महिंद्र असं नाव आलं. त्याच सुमाराला विलीजच्या जीपचे सुटे भाग बोटीने मुंबईला आणायचे आणि मझगावात जोडायचे, असं काम सुरू झालं होतं.

त्याच काळातली दुसरी एक गोष्ट सांगतो, कारण जुनी गाडी घेणाऱ्यांना ती उपयोगी आहे. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी सरकारने लंडनमार्फत वापरलेल्या २,००० जीप मागवल्या. त्यातल्या फक्त १५५ आल्या आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून हे जीप प्रकरण संसदेत गाजलं. बाहेरून रंग मारलेली जुनी फोर बाय फोर दारात आली की मला ते १५५ आठवतात. फोर बाय फोर गाडीला जास्तीचा एक गिअरबॉक्स असतो, पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा असतो, पुढचं डिफरन्शियल असतं. म्हणजे साध्या गाडीपेक्षा झिजायला जास्त जागा. खाली वाकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पुढे महिंद्रने जीप इथेच बनवायला घेतली. आपल्याकडे जी उंच बॉनेटची जीप सगळ्यांना आठवते, ती १९५३ च्या सीजे थ्री बी या मॉडेलची. इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं, बाकी काही कारण नव्हतं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं. आपल्याकडे मात्र त्याची पिल्लावळ त्यानंतर कित्येक वर्षं निघत राहिली. तहसीलदाराची जीप, फौजदाराची जीप, निवडणुकीत भोंगा लावलेली जीप, सगळी तीच.

दोन चाकं कमी झाली आणि जीप आपली झाली

आता या गोष्टीतलं खरं वळण. सरकारी जीप चार चाकांवर चालायची. पण डिझेल इंजिन आलं आणि जीप खेड्यापाड्यात धंद्याला लागली, तेव्हा मालकाने हिशेब केला. पुढच्या चाकांचा जोर किती दिवस लागतो? दौंडसारख्या पर्जन्यछायेच्या तालुक्यात वर्षातले मोजकेच. मग त्यासाठी जास्तीचे पैसे, जास्तीचं वजन आणि जास्तीचं डिझेल रोज कशाला? त्यामुळे कमांडर, मार्शल, बजाज टेम्पोची ट्रॅक्स या ज्या गाड्या वडापला लागल्या, त्यांतल्या बहुतेक मागच्या दोन चाकांवरच चालणाऱ्या होत्या.

वडापच्या जीपमध्ये ज्यांनी प्रवास केलाय त्यांना आरामाचा विषय समजावून सांगायची गरज नाही. मागे समोरासमोर दोन बाकडी, मध्ये गुडघ्याला गुडघा, मागच्या पायरीवर लटकलेली तीन पोरं. आमची आई केडगावच्या बाजारातून पाटी मांडीवर घेऊन अशीच यायची. त्या जीपला कुणी एसयूव्ही म्हटलं नसतं. पण शाळा, बाजार, बाळंतपण, मयत, सगळं त्या गाडीने निभावलं, आणि तेही दोन चाकांच्या जोरावर.

१९९४ मध्ये पुण्याच्या टेल्कोने सुमो आणली. कंपनीच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेले सुमंत मुळगावकर १९८९ मध्ये गेले होते. त्यांच्या नावातलं सु आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं मो, त्यावरून सुमो. जपानी पैलवानाशी तिचा संबंध लोकांनी नंतर लावला, आणि गाडीचा आकार बघता तो शोभलाही. सुमोने काय दिलं? तोंड पुढे करून बसायच्या जागा, बंद होणारी दारं, वर पत्र्याचं छत आणि सगळं घर एका गाडीत. अष्टविनायक यात्रा अख्ख्या कुटुंबाने एका गाडीत करायची पद्धत आपल्याकडे खऱ्या अर्थाने या गाड्यांनी रुजवली.

यात्रेतला एक थांबा आपल्या दारातच होता. सिद्धटेकला जायचं तर दौंडहून शिरापूरला यायचं, गाडी काठावर उभी करायची आणि होडीने भीमा ओलांडायची. पूल नंतर झाला. गाडी कितीही दणकट असो, नदीपुढे ती काठावरच थांबायची. माणसं उतरायची, आजीला हात धरून होडीत बसवायची. तेव्हा गाडीत बघायची गोष्ट एकच होती, ती म्हणजे आजीला चढता-उतरता येतंय का.

मग २००० मध्ये बोलेरो आली, २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ, २०११ मध्ये चाकणहून एक्सयूव्ही ५००. दर वेळी गाडी थोडी मऊ झाली, थोडी शांत झाली. फोर बाय फोर काही मॉडेलांत मिळत राहिलं, पण घेणारे थोडेच.

रांजणगाव

आता दुसऱ्या टोकाकडे. अमेरिकेतलं जीप हे नाव या काळात घरं बदलत होतं. विलीजकडून कैसर, मग अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर, आणि शेवटी क्रायस्लरबरोबर फियाटच्या घरात. फियाटचा कारखाना कुठे? महागणपतीच्या रांजणगावला, एमआयडीसीत, टाटांबरोबर निम्म्या भागीदारीत. २०१५ मध्ये तिथे जीप बनवण्यासाठी २८ कोटी डॉलर घालायचं जाहीर झालं, आणि २०१७ मध्ये जीप कंपास तिथून बाहेर पडली. मझगावानंतर साधारण सत्तर वर्षांनी जीप हे नाव पुन्हा महाराष्ट्रातल्या कारखान्यातून रस्त्यावर आलं.

तोवर भाऊबंदकीही सुरू झाली होती. महिंद्रने अमेरिकेत रॉक्सर नावाची जुन्या जीपच्या वळणाची गाडी विकायला काढली, तेव्हा २०१८ मध्ये जीपच्या मालकांनी तक्रार केली की ही आमच्या तोंडवळ्याची नक्कल आहे. तो वाद काही वर्षं चालला. मूळ रॉक्सरला मनाई झाली, चेहरा बदललेल्या गाडीला मोकळीक मिळाली. एकाच खापरपणजोबाची दोन नातवंडं, आणि भांडण चेहऱ्यावरून.

कंपासच्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये गिअरच्या जवळ एक गोल फिरवायचं बटण आलं. त्यावर चार खुणा: ऑटो, बर्फ, वाळू, चिखल. शिरूर तालुक्यात बर्फाचं बटण! पण त्यात हसण्यासारखं काही नाही. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या कंपास रांजणगावहूनच जपान आणि ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि उत्तर जपानात माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा बर्फ पडतो.

ते बटण करतं काय? बर्फावर ठेवलं की गाडी मवाळ होते. पाय जोरात दाबला तरी जोर हळूहळू चाकांकडे जातो, चाक घसरायला लागलं की लगेच आवरलं जातं, आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर कधी कधी पहिल्या गिअरऐवजी दुसऱ्यावर सुटते. चिखलावर ठेवलं की उलट. चाकाला थोडं फिरू दिलं जातं, म्हणजे टायरच्या खाचांत बसलेला चिखल भिरकावला जाईल आणि रबराला पुन्हा पकड मिळेल.

आपली काळी माती माहितीये ना? बसाल्ट खडकाची झिजून झालेली, पाणी पिऊन फुगणारी. पहिल्या पावसात ती टायरला अशी चिकटते की खाचा भरून जातात आणि टायर लोण्यासारखा गुळगुळीत होतो. त्यावर गाडी बर्फावरच्या गाडीइतकीच घसरते. त्यामुळे दौंडच्या माणसाला बर्फाचं शास्त्र परकं नाही. आपण त्याला फक्त चिकट काळ्या रंगात बघितलंय.

मग घ्यायचं काय?

त्याच रांजणगावच्या कारखान्यात त्याच २०१७ साली आणखी एक गाडी सुरू झाली, टाटा नेक्सॉन. फक्त पुढच्या दोन चाकांवर चालणारी, किमतीने खूप खालची. पण पोटाखालची मोकळी जागा बघा. नेक्सॉनची सांगितलेली २०९ मिलिमीटर, कंपासची १७८. बर्फाचं बटण नसलेली गाडी जमिनीपासून जास्त उंच. हे आकडे मोजायची पद्धत सारखी नसते, रिकाम्या गाडीचं मोजलंय की माणसं भरून, ते विचारलं पाहिजे. तरी मुद्दा राहतोच.

आपल्या रस्त्यांवर गाडी बहुतेक वेळा अडते ती पोट टेकल्यामुळे. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेली चाकोरी खोल असते आणि मधला उंचवटा कडक. त्यावर पोट टेकलं की चारही चाकं हवेत फिरली काय आणि दोन फिरली काय. चाकोरीबाहेर जा असं आपण भाषणात म्हणतो. पाणंदीत चाकोरीबाहेर उसाची सरी असते.

दुसरा मुद्दा कॅनडाच्या पत्राला उत्तर म्हणून. फोर बाय फोर गाडी बर्फात जागची हलायला मदत करते, चढ चढायला मदत करते. थांबायला नाही. थांबताना प्रत्येक गाडी चारही चाकांनीच थांबते, आणि तेव्हा कामाला येतो तो टायर. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. फोर बाय फोरची सक्ती नाही. थंडीत साधं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं, म्हणून हा कायदा. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी चार चांगले हिवाळी टायर, मग उरले तर चार चाकांचा जोर.

मनालीसाठी पुतण्याला मी हेच सांगितलं. बर्फ पडल्यावर तिथले पोलीस बहुतेक वेळा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. वर्षातून एकदा चार दिवसांसाठी तिथली गाडी आणि तिथला ड्रायव्हर घेतला, तर बर्फाचं शास्त्र ज्याला हाताने येतं असा माणूस स्टिअरिंगवर बसतो. तेवढ्यासाठी उरलेले ३६१ दिवस जास्तीचं वजन ओढत पाटस टोलनाक्यावरून पुण्याला जायची गरज नाही.

मग फोर बाय फोर कुणी घ्यावी? ज्यांच्या घरापर्यंतचा रस्ता चढाचा आणि ओला आहे, भोर-वेल्ह्याच्या बाजूला, कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर. ज्यांचं कामच बांधावरचं आहे. त्यांनी डोळे झाकून घ्यावी, पण एक लक्षात ठेवून: जुन्या पद्धतीची, लिव्हर टाकून जोडायची फोर बाय फोर असेल तर ती कोरड्या डांबरावर जोडून चालवू नये. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, आणि तो ताण गिअरमध्ये साठतो.

दोन लाख आणि आई

कंपास आली तेव्हा तिच्या साध्या आणि फोर बाय फोर मॉडेलमध्ये जवळपास दोन लाखांचा फरक होता. दादाने तो आकडा धरला आणि मला विचारलं, "दोन लाखांत आपल्या पाणंदीला किती मुरूम पडंल?" मला उत्तर माहीत नव्हतं, पण शेजारच्या तीन वस्त्यांनी वाटा उचलला तर पुरेसा पडेल, असा त्याचा अंदाज आहे. वहिनीचा मुद्दा आणखी सरळ. पाऊस झाल्यावर एखाद्या रात्री आईला न्यायची वेळ आली, तर आपली गाडी निघेलही. पण ॲम्ब्युलन्सचं काय? ती दोन चाकांवरच चालते, आणि ती आत आली पाहिजे.

गेल्या ऐंशी वर्षांत मझगावपासून रांजणगावपर्यंत जे घडलं, त्याचं सार मला वहिनीच्या बोलण्यात सापडलं. जीप चार चाकांच्या जोरावर आली, कारण तिच्यापुढे रस्ताच नव्हता. रस्ता जसजसा आला, तसतशी दोन चाकं कमी झाली आणि त्यांच्या जागी माणसं बसली. जिथे रस्ता अजून आलेला नाही, तिथे जास्तीची दोन चाकं विकत घेणं हा एका घरापुरता उपाय आहे. मुरूम सगळ्यांचा असतो.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच. गाडी बघायला जाताना ज्येष्ठ माणसाला बरोबर न्या. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येतेय का बघा. खूप उंच असेल तर चढता येत नाही, खूप खाली असेल तर उठता येत नाही. दाराच्या वर धरायला मूठ आहे का बघा. मागच्या सीटवर त्यांना बसवून खराब रस्त्यावरून चक्कर मारा, हायवेवरून नको. पोटाखाली पट्टी लावून मोजा. टायर कोणते आहेत विचारा. बटणं सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. गेल्या रविवारी आईला तीन गाड्यांत बसवून आणलं. एकीत तिला पाय वर घेता येईना. दुसरीत बसली, पण म्हणाली, हिच्यातनं बाहेरचं काहीच दिसत नाही. तिसरीत बसून तिने दार स्वतः ओढून घेतलं, आणि काच खाली कशी करायची ते विचारलं. दादा मुरूमवाल्याला फोन करून भाव विचारतोय.

तुमच्या घरातली पहिली जीप, सुमो किंवा ट्रॅक्स कोणती होती, ती कुणी आणली आणि तिच्यातून सगळ्यात अवघड प्रवास कोणता झाला, हे जरूर कळवा. दौंड-शिरूरच्या जुन्या वडाप चालकांच्या आठवणी कुणाकडे असतील तर फारच चांगलं. पुढच्या भागात भेटूच.